करंट लागतोय, पण मांडी भरत नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. पत्र मोठं होतं, त्यातला मुद्द्याचा भाग देते.

“मॅडम, माझा मुलगा 21 वर्षांचा आहे, कबड्डीत चढाई करतो. मे महिन्यात सामन्यात वळताना पाय अडकला आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. जूनमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्याला आता अकरा आठवडे झाले. टाके भरले, दुखणं नाही, पण मांडी पार वाळून गेलीय. गावापासून चौदा किलोमीटरवर फिजिओथेरपीला जातो. तिथं दर वेळी वीस मिनिटं करंट लावतात. पट्ट्या बांधून दुसऱ्या पेशंटकडे जातात आणि हा पडल्या पडल्या मोबाईल बघतो. मुंग्या येतात म्हणतो, बाकी काही होत नाही. मग शेक, आणि पाय पाच-सहा वेळा वर-खाली. असं चोवीस वेळा झालं. एका वेळचे अडीचशे रुपये आणि वर पेट्रोल. शेजारी म्हणतात, आत स्क्रू असताना करंट घेऊ नये, नसा जळतात. दीर म्हणतात, साडेतीन हजाराला ऑनलाइन मशीन मिळतं, घरीच लावा, सासूबाईंच्या गुडघ्यालाही होईल. (त्यांना शुगर आहे आणि दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय.) प्रशिक्षक म्हणतात, दिवाळीनंतरच्या स्पर्धेला उतर. करंटनं खरंच मांडी भरते का, की आम्ही नुसते पैसे घालतोय?”

ताई,

तुम्ही कंसात लिहिलेली गोष्ट मी सगळ्यात आधी घेते. सासूबाईंना पेसमेकर आहे ना, मग त्यांच्या अंगाला हे मशीन लावायचं नाही. गुडघ्याला नाही, पाठीला नाही, “बघू तरी” म्हणून पाच मिनिटंही नाही. पेसमेकर हृदयातले विजेचे बारीक इशारे सतत टिपत असतो. बाहेरून मशीनचे ठोके आले, तर ते हृदयाचेच आहेत असं धरून तो स्वतःचा ठोका द्यायचा थांबू शकतो. ज्यांचं हृदय त्या ठोक्यावर चाललंय त्यांच्यासाठी हे जिवावरचं आहे. क्वचित कुणाला असा करंट द्यायचाच झाला, तर तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ घेतात आणि रुग्णालयात, देखरेखीखाली देतात. दिरांना हे आजच सांगा.

त्यांचे गुडघे दुखतात त्याचं काय? शुगरमुळे त्यांच्या पायांची जाणीव कमी झाली असेल, तर गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलेलंही कळत नाही. म्हणून पिशवी टॉवेलात गुंडाळून, दर दोन-तीन मिनिटांनी हातानं बघत शेकायचं. आणि उंच खुर्चीवरून उठायचं-बसायचं, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. लागला तर हाताचा आधार घेऊ दे. म्हाताऱ्या गुडघ्याला मांडीची ताकद हाच खरा आधार असतो.

आता मुलाचं बघू.

करंटनं मांडी भरायला मदत होते, चांगली मदत होते. पण तुम्ही वर्णन केलाय त्या करंटनं नाही. “मुंग्या येतात, बाकी काही होत नाही” हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. सगळं उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे “करंट लावला” म्हणजे सगळं एकच, असं धरतात. पण ‘गोळी’ म्हटलं की तापाचीही असते आणि बीपीचीही असते, तसंच हे आहे. एक करंट दुखणं कमी करायचा, दुसरा स्नायू आवळायला लावायचा. दुखण्यासाठी टेन्स आणि आयएफटी नावाचे दोन करंट वापरतात. ठेच लागली की आपण बोट चोळतो आणि जरा बरं वाटतं, ते का? चोळण्याची जाणीव मेरुरज्जूत आधी पोचते आणि दुखण्याच्या जाणिवेची वाट अडवते. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये हा दरवाजाचा सिद्धांत मांडला आणि टेन्सची यंत्रं त्याच विचारातून आली. आयएफटीमध्ये चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचे दोन प्रवाह एकमेकांत मिसळून खोलवर सौम्य ठोके तयार होतात. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत हेच यंत्र असतं. दोन्हींत रुग्णाला मुंग्या येतात आणि तेवढंच अपेक्षित असतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत त्यांचा उपयोग होतो. पण तुम्हीच लिहिलंय की त्याला आता दुखत नाही. म्हणजे जे दुखणं नाहीच, त्याच्यावर उपचार चाललाय, आणि मांडी तशीच राहिलीय.

पत्रावरून मला असं वाटतं. समोर मी नव्हते, म्हणून खात्री तुम्हीच करा. ती कशी करायची ते पुढे सांगते.

आधी मांडी एवढी वाळली का ते समजून घ्या, कारण मुलगा आळशी आहे असा बोल त्याला बसला असेल. गुडघ्याला इजा झाली, आत पाणी झालं, की सांध्याकडून मेरुरज्जूला सारखे इशारे जातात आणि मेरुरज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूचा आवाजच बारीक करून टाकतो. शरीर सांध्याला जपू बघतं. प्रयोगात निरोगी गुडघ्यात 20 ते 30 मिलिलिटर पाणी सोडलं, तरी मांडीच्या आतल्या बाजूचा, गुडघ्याच्या वाटीला धरून ठेवणारा स्नायू मंदावला. म्हणजे चार ते सहा लहान चमचे पाणी. सूज डोळ्यांना दिसतही नसेल, तरी स्नायू बंद पडलेला असू शकतो. मुलगा जोर लावतो, डोक्यातून हुकूम सुटतो, पण मांडीपर्यंत अर्धामुर्धाच पोचतो. अशा वेळी “व्यायाम कर, व्यायाम कर” म्हणून भागत नाही. जो स्नायू जागाच होत नाही, त्यानं व्यायाम करायचा कसा?

इथं दुसऱ्या करंटचं काम सुरू होतं. तो वरच्या हुकुमाची वाट बघत नाही, मांडीतल्या नसेला थेट चेतवतो आणि स्नायू आवळतो. इटलीत बोलोन्याला गॅल्वानी या शास्त्रज्ञांना मेलेल्या बेडकाचा पाय विजेनं उडताना दिसला, त्यांनी ते 1791 मध्ये छापलं. मूळ गोष्ट तीच आहे. फरक एवढाच की आपण तो पाय उडवत नाही, बांधून ठेवून त्याच्याकडून काम करून घेतो.

खरा मसल स्टिम्युलेशनचा करंट लागतो तेव्हा काय दिसतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला स्वतः ओळखता येईल.

मुलगा खुर्चीत बसलेला असतो. पाय जरासा पुढे, गुडघा साधारण साठ अंशांत वाकलेला, आणि घोट्याच्या वर पट्टा बांधून नडगी खुर्चीला किंवा कॉटच्या पायाला जखडलेली, म्हणजे पाय उडणार नाही. हा पट्टा महत्त्वाचा आहे. नवीन लिगामेंट अजून कच्चं आहे. गुडघा सरळ होत आला असताना मांडीनं जोरात ओढलं, की नडगी पुढे सरकू बघते आणि लिगामेंटवर ताण येतो. साठ अंशांत तो ताण खूप कमी असतो. दोन मोठे पॅड, तळहाताएवढे, एक मांडीच्या वर बाहेरच्या अंगाला, दुसरा खाली, वाटीच्या वर आतल्या अंगाला. मग थेरपिस्ट समोर बसून, मुलाच्या तोंडाकडे बघत, आकडा हळूहळू वाढवतो. आधी मुंग्या. मग कातडीखाली फडफड. त्यानंतर मांडीचे तिन्ही-चारही भाग एकत्र गोळा होऊ लागतात, वाटी वर सरकते आणि वाटीखालचा स्नायूबंध दोरीसारखा ताठ होतो. दहा सेकंद मांडी तशीच राहते. मुलगा खुर्चीची कड घट्ट धरून बसलेला असतो. त्या वेळी मोबाईल बघायची सोयच नसते. मग करंट सुटतो आणि जवळजवळ पन्नास सेकंद विश्रांती. पुन्हा दहा सेकंद. असं दहा ते पंधरा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. दुसऱ्या दिवशी मांडी दुखते, पहिल्यांदा शंभर बैठका मारल्यावर दुखते तशी.

विश्रांती एवढी का, असं सगळे विचारतात. आपण स्वतः जोर लावतो तेव्हा शरीर स्नायूतले धागे आळीपाळीनं कामाला लावतं, काही दमले की दुसरे पुढे येतात. करंटला आळीपाळी माहीत नसते. पॅडखाली सापडतील तेच धागे तो दर वेळी एकदम ओढतो, म्हणून स्नायू फार लवकर थकतो. चार सेकंद करंट आणि चार सेकंद सुट्टी असं वीस मिनिटं चालवलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला स्नायू नुसता थरथरत राहतो. दहा सेकंद काम, पन्नास सेकंद सुट्टी आणि एकूण दहा मिनिटं हा हिशेब सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह कोट्स यांचा. 1970 च्या दशकात त्यांनी तिथल्या खेळाडूंवर तो वापरला, आणि 1977 मध्ये मॉन्ट्रियलच्या परिसंवादातून तो पाश्चात्त्यांपर्यंत गेला. म्हणून त्या 2500 हर्ट्‌झच्या करंटला आजही ‘रशियन करंट’ म्हणतात, तुमच्या दवाखान्यातल्या यंत्रावरही कदाचित ते बटण असेल. कोट्स यांनी सांगितलेले ताकदवाढीचे मोठे आकडे पुढे इतरांच्या हाती तसेच्या तसे लागले नाहीत. पण काम कमी आणि सुट्टी जास्त, हा धडा टिकला.

तुमच्या मुलाच्याच दुखण्यावरचा एक अभ्यास सांगायलाच हवा. अमेरिकेत 1995 मध्ये तो प्रसिद्ध झाला. याच लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या 110 जणांचे गट करून चार आठवडे वेगवेगळी पद्धत वापरली. ज्यांना दवाखान्यातल्या यंत्रावर जोरकस करंट दिला, त्यांच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या सत्तर टक्क्यांच्या वर गेली. नुसत्या जोरदार व्यायामवाल्यांची 57 टक्के झाली. आणि घरी वापरायच्या बॅटरीच्या यंत्रावर हलका करंट घेणाऱ्यांची 51 टक्के, म्हणजे नुसत्या व्यायामाहूनही कमी. हलका करंट हा जोरकस करंटचा लहान भाऊ नाही. त्यानं मांडीचं काम होतच नाही. म्हणून करंट मिनिटांत मोजू नका, वाटी किती वेळा वर सरकली ते मोजा. तुमच्या मुलाची चोवीस वेळा वीस मिनिटं झाली आणि सहा हजार रुपये गेले, पण वाटी एकदाही सरकली नसेल, तर मांडीच्या खात्यावर शून्यच जमा आहे.

हे लिहिताना मला त्या थेरपिस्टवर नुसता दोष टाकायचा नाही. फिजिओथेरपी शिकून बाहेर पडल्यावर पहिलं दीड वर्ष मी एका ठिकाणी काम केलं. एका हॉलमध्ये आठ कॉट, प्रत्येक कॉटशेजारी एक यंत्र, आणि दर पंधरा मिनिटांनी कुठली ना कुठली घंटी वाजायची. मी पॅड बांधायचे, आकडा लावायचे, पुढच्या कॉटकडे जायचे. गुडघा असो, कंबर असो, मान असो, सगळ्यांना तेच. तिथं एक पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा यायचा, त्याचंही लिगामेंटचंच ऑपरेशन. दोन महिने मी त्याला मुंग्या दिल्या. त्याची मांडी मी एकदाही टेपनं मोजली नाही. तो यायचा बंद झाला, पुढे त्याच्या भरतीचं काय झालं मला कधीच कळलं नाही. तो मुलगा मला अजून आठवतो, आणि तुमचं पत्र वाचताना पुन्हा आठवला. मला हे कुणी शिकवलं नव्हतं असंही नाही. कॉलेजात आमच्या मॅडमनी आधी आमच्याच मांडीला पॅड लावले होते. “जे तुला सोसवत नाही ते पेशंटला दिलंस तर तुला कळणार कसं?” असं म्हणून त्यांनी माझी वाटी सरकेपर्यंत आकडा वाढवला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्यानंतर स्नायू आवळणं म्हणजे काय, हे मला पुस्तकात बघावं लागलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी मुलाबरोबर तुम्ही स्वतः जा. भांडू नका. शांतपणे विचारा, “हा करंट दुखण्याचा आहे की स्नायूचा?” आणि, “वाटी वर सरकेपर्यंत वाढवून दाखवता का?” चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही, उलट घरच्यांना रस आहे म्हणून खूश होतो. गर्दीमुळे जमत नसेल, तर रोज येण्याऐवजी आठवड्यातून तीनच दिवस, पण समोर बसून करा, असं सांगा. तुमचं पेट्रोलही वाचेल. उत्तर टाळाटाळीचं आलं तर दुसरीकडे दाखवा. फिजिओथेरपीची पदवी म्हणजे बीपीटी. महाराष्ट्रात थेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते. पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं कारण नाही.

मुलालाही एक काम आहे. करंट चढू लागला की त्यानं स्वतःही मांडी आवळायची, पाय पट्ट्याविरुद्ध ढकलायचा. यावर आमच्यात दोन मतं आहेत. काही जण पाय सैल सोडून नुसत्या करंटवर आकुंचन घ्यायला लावतात आणि तेही चालतं. पण मी जोर लावायलाच सांगते. त्याच्या डोक्याचा मांडीशी तुटलेला संबंध पुन्हा जोडायचा आहे. मांडी प्रत्यक्ष आवळलेली असताना आपणही जोर लावला, तर “अच्छा, हे असं आवळायचं” ही ओळख पटते. पहिल्या आठवड्यात करंटशिवाय वाटी हलत नव्हती आणि तिसऱ्यात करंट बंद ठेवूनही सरकू लागली, असं मी कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता शेजाऱ्यांची भीती. स्नायूच्या करंटनं नसा जळत नाहीत. घरातल्या बोर्डात 230 व्होल्ट असतात म्हणून लोक दोन्ही एकच धरतात. हे यंत्र मिलिअँपिअरमध्ये मोजायचा करंट देतं, तोही सेकंदाच्या साधारण तीन हजाराव्या भागाएवढ्या ठोक्यांत. ठोका एकदा या दिशेनं आणि एकदा त्या दिशेनं जातो, त्यामुळे कातडीखाली रसायन साठत नाही आणि आतला स्क्रू किंवा लिगामेंट अडकवायचं धातूचं बटण तापत नाही. शेजाऱ्यांचं म्हणणं अगदी पोकळही नाही, ते दुसऱ्या यंत्राबद्दल खरं आहे. शॉर्टवेव्ह डायाथर्मी म्हणून खोल शेक देणारं मोठं यंत्र असतं. त्यानं शरीरातला धातू तापू शकतो, म्हणून तो शेक त्या गुडघ्याला नको. तुम्ही ‘शेक’ लिहिलंय, तो कुठला ते विचारून घ्या. गरम पाण्यातून काढलेल्या जाड पिशवीचा असेल तर हरकत नाही. डबा किंवा तबकड्या लावून, वायरचा असेल तर आत काय बसवलंय हे त्यांना सांगा आणि ऑपरेशनचा कागद दाखवा.

एक खबरदारी मात्र गंभीरपणे घ्या. त्या पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर करंट नाही, चोळणं नाही, तेल नाही. सरळ डॉक्टरकडे. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

मशीन घ्यायचं का? साडेतीन हजारांचं, दिरांनी दाखवलेलं, नाही. स्वस्तातली बरीचशी यंत्रं टेन्सचीच असतात, खोक्यावर पैलवानाचं चित्र असलं तरी. मांडीएवढा मोठा स्नायू आवळायचा तर करंट 100 मिलिअँपिअरपर्यंत जायला हवा, ठोक्याची रुंदी 300-400 मायक्रोसेकंदपर्यंत वाढवता यायला हवी, गती सेकंदाला 50 ते 80 ठोके, आणि चालू-बंदची वेळ आपल्याला हवी तशी लावता यायला हवी. हे चारही त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसेल तर पैसे घालू नका. अशी घरगुती यंत्रंही मिळतात, पण आधी थेरपिस्टसमोर दोन-तीनदा वापरून, पॅडच्या जागा मार्करनं आखून घेतल्याशिवाय घरी सुरू करायचं नाही. गावाचं अंतर बघता, पुढे चार-सहा आठवडे भाड्यानं मिळालं तर बरं. कुठलंही यंत्र असो, गळ्याच्या पुढच्या भागाला, डोक्याला आणि छातीवर आडवं लावायचं नाही. आणि घरात कुणी गरोदर असेल, तर तिच्या पोटा-कंबरेला लावायचं नाही.

पॅडबद्दल थोडं, कारण भाजतं ते बहुधा यंत्रामुळे नाही, पॅडमुळे. आपल्याकडे सकाळी गुडघ्याला तेल चोळायची पद्धत आहे. तेलकट कातडीवर पॅड नीट चिकटत नाही, कड सुटते आणि सगळा करंट उरलेल्या कोपऱ्यातून जातो. तिथं सुई टोचल्यासारखं होतं. मुलगा “बस, बस” म्हणतो आणि आकडा मांडी आवळण्याआधीच थांबतो. म्हणून आधी साबणानं मांडी धुवायची, कोरडी करायची, केस फार असतील तर कात्रीनं बारीक करायचे. चिकटणारे पॅड पंचवीस-तीस वेळांनंतर सुकतात, मग बदलायचे. काळ्या रबराचे असतील तर सगळीकडे सारखी जेल हवी. पॅड काढल्यावर कातडी लाल दिसते, तासाभरात जाते. फोड आला तर थांबायचं.

करंट आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटं. बाकीचा आठवडा व्यायामाचा. करंट स्नायूला जागा करतो, पण त्याला वाढवायचं काम वजनाचंच आहे. पाच-सहा वेळा पाय वर-खाली करणं हे ऑपरेशनच्या दुसऱ्या आठवड्याचं काम, अकराव्याचं नव्हे. सर्जननी अडवलं नसेल तर आता भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, पायरीवर एका पायानं चढणं आणि तोच पाय टेकलेला ठेवून हळू उतरणं, कॉटवरून उठताना ऑपरेशनच्या पायावर जास्त भार घेणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, हे सगळं थेरपिस्टनं वाढवत न्यायला हवं. शेवटचे दोन-तीन वेळा करताना मांडी थरथरली पाहिजे. व्यायामानंतर गुडघा सुजला आणि दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर जास्त झालं असं समजायचं. वर सांगितलं तेच, सूज आली की स्नायू पुन्हा बंद पडतो.

अजून एक बघा. त्याला पलंगावर पाय पसरून बसवा. दोन्ही गुडघ्यांच्या मागची पोकळी सारखीच टेकते का? ऑपरेशनचा गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, तर तो करंटचा विषय नाही. त्याच आठवड्यात सर्जनकडे जा.

आता प्रशिक्षक. त्यांचा जीव संघात आहे, समजू शकते. पण दिवाळीनंतर म्हणजे ऑपरेशनला पाच-साडेपाच महिने. बसवलेल्या लिगामेंटला शरीरानं आपलंसं करून बळकट करायला याहून खूप जास्त काळ लागतो. नॉर्वेतल्या ऑस्लो आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा गुडघा जायचा धोका साधारण निम्म्यानं उतरत गेला. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर आल्याशिवाय परतलेल्यांनाही पुन्हा इजा जास्त झाल्या. आणि कबड्डीतली चढाई म्हणजे पाय रोवून झटक्यात वळणं, त्यात समोरच्यानं घोटा किंवा मांडी धरलेली. गुडघ्याची याहून कडक परीक्षा नाही. प्रशिक्षकांना सांगा, मार्चच्या आधी मॅटवर उतरवू नका, आणि तेव्हाही महिना बघून नाही, ताकद मोजून. तोवर त्याला गुणलेखनाला बसवा, लहान मुलांना हात-बोनस शिकवू दे. संघापासून तोडू नका. एकवीस वर्षांच्या खेळाडूला घरी बसून मांडीकडे बघत राहणं फार जड जातं. तो मोबाईलमध्ये डोकं घालतो, त्यामागे हेही असेल.

आज संध्याकाळी शिंप्याची टेप घ्या. वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटर वर पेननं खूण करा आणि पाय सैल सोडून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा, डावी आणि उजवी. एका वहीत तारीख घालून लिहा. त्याखाली लिहा, पाय सरळ ठेवून जोर लावल्यावर वाटी वर सरकते का, टाच पलंगावरून सुटते का. पुढच्या चार आठवड्यांत दर रविवारी हेच. घेर हळू वाढतो, दोन-तीन आठवडे टेपवर काही दिसलं नाही तरी घाबरू नका, वाटी आधी बोलते. पाचव्या आठवड्यात ती वही सर्जनला आणि थेरपिस्टला दाखवा, आणि आकडे मलाही लिहून पाठवा. वाट बघते.